सायंकाळचा हक्क

गिरणीचा भोंगा झाला की कामगाराचा दिवस संपला, हा हिशेब सोपा होता. भोंगा सर्वांना एकाच वेळी ऐकू येई आणि त्यानंतरचे काम ते जादा काम, याविषयी मालकाच्या वा कामगाराच्या मनात संदेह नसे. पण ज्याचा कारखानाच चाकांवर फिरतो आणि जो दिवसभर एकटाच दारोदार हिंडतो, त्याच्या दिवसाला भोंगा कोणी वाजवावा? अमेरिकेत घरोघर पार्सले पोहोचविणाऱ्या मोटारचालकांपुढे हा प्रश्न कित्येक वर्षे उभा आहे.

युनायटेड पार्सल सर्व्हिस ही या धंद्यातील एक मोठी कंपनी. १९०७ साली सिॲटल शहरात जेम्स केसी या तरुणाने निरोप पोहोचविण्याचा जो लहानसा व्यवसाय काढला, त्यातून ती वाढली. तिचे चालक टीमस्टर्स या, १९०३ साली स्थापन झालेल्या, संघटनेचे सभासद आहेत. टीमस्टर म्हणजे घोड्यांची जोडी हाकणारा. त्या काळी जनावर दमले की गाडी उभी करावी लागे. इंजिनाला दम लागत नाही. दमतो तो माणूस.

चालक सकाळी येतो तेव्हा त्याची गाडी भरलेली असते. तीत किती पार्सले घालावयाची हे तो ठरवीत नाही. ती संपेपर्यंत मात्र त्याला परत फिरता येत नाही. त्याचा दिवस घड्याळाने मोजला जातो खरा, पण संपतो तो गाडी रिकामी झाल्यावर. मग आठ तासांचे दहा होतात, दहाचे बारा होतात, आणि मुले निजल्यावर बाप घरी येतो.

कायदा याला आळा घालीत नाही काय? १९३८ च्या श्रमविषयक कायद्याने तेथे जादा कामाला दीडपट वेतनाचे तत्त्व घालून दिले आणि पुढे आठवड्याची मर्यादा ४० तासांवर स्थिरावली. परंतु प्रौढ माणसाने फार तर किती तास काम करावे, हे त्या कायद्याने सांगितले नाही. त्याने जादा तास महाग केले. निषिद्ध केले नाहीत. अवजड मोटारी हाकणाऱ्यांसाठी निराळे नियम आहेत. कामावर आल्यापासून १४ तासांनंतर गाडी चालवू नये, सात दिवसांत ६० किंवा आठ दिवसांत ७० तास भरल्यावर ती हाकू नये, असे ते सांगतात. पण त्यांचा हेतू रस्त्यावरील अपघात टाळण्याचा आहे. चालकाला घरी सायंकाळ मिळावी, हा त्यांचा विषय नव्हे.

दीडपट वेतन देऊनही मालकाला जादा काम परवडते, यात नवल नाही. नवा माणूस नेमला की त्याचा आरोग्यविमा, निवृत्तिवेतन, शिक्षण हे सारे आले. शिवाय पार्सलांची संख्या रोज सारखी नसते. नाताळच्या आधी जितके हात लागतात तितके फेब्रुवारीत लागत नाहीत. जुन्याच माणसाचे दोन तास वाढविले की काम भागते. मालकाची ही अडचण खोटी म्हणता येणार नाही.

चालकांमध्येही या बाबतीत एकमत नाही. घराचे कर्ज फेडणाऱ्या तरुणाला जादा तास हवे असतात. पन्नाशीच्या, गुडघे दुखणाऱ्या चालकाला ते नकोसे होतात. म्हणून संघटनेने सरसकट बंदी मागितली नाही. करारात साडेनऊ तासांची एक तरतूद आहे. ज्याला हवे असेल त्याने आपले नाव यादीत घालावे. मग आठवड्यातील तीन दिवस त्याला साडेनऊ तासांहून अधिक राबविले, तर तो तक्रार करू शकतो आणि कंपनीला दंडादाखल वाढीव वेतन द्यावे लागते. नाताळच्या गर्दीत हे संरक्षण लागू नसते, म्हणजे नेमके जेव्हा ओझे सर्वांत जड, तेव्हा.

या प्रश्नाची दुसरी बाजू त्याच गोदामात दिसते. तेथे पार्सले चढविणारे, उतरविणारे हजारो लोक अर्धवेळ काम करतात आणि त्यांना साडेतीन तासांची हमी असते. एकाला तास फार होतात, दुसऱ्याला ते पुरत नाहीत. १९९७ च्या ऑगस्टमध्ये सुमारे १,८५,००० कामगारांनी १५ दिवस संप केला, तो मुख्यतः अर्धवेळ नोकऱ्या पूर्णवेळ व्हाव्यात यासाठी. पुढे २०१८ च्या करारात चालकांचा एक नवा वर्ग निर्माण झाला. त्यामुळे शनिवार-रविवारचा भार हलका होईल, असे सांगण्यात आले. पण या वर्गाचे वेतन कमी होते. एकाची विश्रांती दुसऱ्याच्या स्वस्त श्रमातून मिळवावी, हा तोडगा कामगारांना रुचला नाही.

२०२३ साली सुमारे ३,४०,००० सभासदांच्या वतीने नवी बोलणी झाली. संपाची तयारी झाली होती. जुलैच्या अखेरीस तडजोड झाली आणि ऑगस्टमध्ये ८६.३ टक्के मतांनी करार मान्य झाला. त्याने तो कमी वेतनाचा वर्ग रद्द केला आणि सुटीच्या दिवशी सक्तीने जादा काम घेण्याची रीत बंद केली. वेतनवाढीचे आकडे वृत्तपत्रांत ठळकपणे छापले गेले. सुटीची ही बाब मानाने मागे राहिली. वास्तविक तिचे मोल कमी नाही. दीडपट पैसे समोर असतानाही “आज नको” असे म्हणण्याची मोकळीक तिने कामगाराला दिली.

हा करार ३१ जुलै २०२८ पर्यंतचा आहे. साडेनऊ तासांच्या यादीत आजही चालकाला स्वतःच नाव घालावे लागते; संघटना नियम करू शकते, सही मात्र त्याचीच लागते. घरचा खर्च आणि घरचा सहवास यांचा ताळेबंद ज्याचा त्याने मांडावा. तो त्याला निर्भयपणे मांडता यावा, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप आहे.