कारागृहातील एचआयव्ही तपासणी : आकड्यांपलीकडील जबाबदारी
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषणाचा सारांश)





न्यायालय शिक्षा देते ती स्वातंत्र्य हिरावून घेण्याची. आरोग्य हिरावून घेण्याची नव्हे. शिवाय आपल्या देशातील कारागृहांतील सुमारे तीन-चतुर्थांश बंदी कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायद्याने शासनाच्या ताब्यातील प्रत्येक व्यक्तीला समुपदेशन, तपासणी व उपचार यांचा हक्क दिला आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. तपासणीसाठी माहितीपूर्वक संमती आणि निष्कर्षाची गोपनीयता त्यात बंधनकारक आहे. परंतु ज्याचे सारे आयुष्यच हुकुमावर चालते, त्याच्या होकाराला संमती म्हणावे काय, हा प्रश्न तपासणी करणाऱ्याने स्वतःला रोज विचारला पाहिजे. नकार देणाऱ्याची कोणतीही सवलत जाणार नाही, ही हमी त्याला स्पष्ट शब्दांत मिळाली पाहिजे.

किती तपासण्या झाल्या, एवढाच आकडा आपण अहवालात मांडतो. तो अपुरा आहे. किती बंदी दाखल झाले, किती जणांना तपासणी सुचविली गेली, किती जणांना निष्कर्ष समजला, बाधितांपैकी किती जणांचे उपचार सुरू झाले आणि किती जणांच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण आटोक्यात आले, ही साखळी दरमहा तपासली, तरच कोणती कडी तुटते हे कळते. संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तपासणी निर्दोष येऊ शकते. म्हणून पुनर्तपासणीची नोंदही हवी. बाधितांमध्ये मृत्यूचे प्रमुख कारण क्षयरोग असल्याने खोकला, ताप, वजनातील घट व रात्रीचा घाम यांची विचारपूस प्रत्येक भेटीत व्हावी.

सर्वांत कच्ची कडी आहे ती सुटकेची. जामीन मंजूर झाला की मनुष्य त्याच सायंकाळी बाहेर पडतो. त्याची औषधे मात्र आत राहतात. औषधांत खंड पडला की विषाणू पुन्हा बळावतो. उलट, नियमित उपचारांनी विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधांतून जोडीदारास संसर्ग होत नाही. म्हणून उपचारपत्रिकेची प्रत, काही आठवड्यांच्या गोळ्या आणि गावाजवळच्या एआरटी केंद्राचा पत्ता, ही शिदोरी उपचार सुरू होतानाच तयार ठेवावी. पाकिटावर रोगाचे नाव नसावे.

धर्मादाय रुग्णालयाने येथे काय करावे? समुपदेशक द्यावा, नोंदी पडताळाव्यात आणि सुटून आलेल्यास बाह्यरुग्ण विभागात कोणताही प्रश्न न विचारता जागा द्यावी. त्याने काय केले हे न्यायालय पाहील. त्याला काय झाले आहे, एवढेच आपण पाहावे.