ज्येष्ठता कुणाच्या बापाची?



शिबिराच्या पोरांनी मला विषय दिलाय, ‘सरकारी नोकरीतील ज्येष्ठता आणि बढती’. मागच्या रांगेतली दोघं-तिघं आत्ताच जांभया देतायत. द्या. तुमच्या वयात मीही असाच होतो. लढाई रस्त्यावर असते, ऑफिसात नुसत्या फायली असतात, असं वाटायचं. अडतीस वर्षे नोकरी करून 2022 ला निवृत्त झालो तेव्हा हिशेब केला. मला आयुष्यभर ज्याने मारलं ती काठी नव्हती. नोटीसबोर्डावर लावलेली चार पानांची यादी होती.

माझंच सांगतो. 1984 ला केंद्र सरकारच्या एका कचेरीत मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. नाव सांगत नाही, अशा कचेऱ्या ढिगाने आहेत. माझ्या दोन वर्षे आधी लागलेला एक सवर्ण सहकारी होता. माणूस काही राक्षस नव्हता. डबा तेवढा वेगळा खायचा. 1992 ला राखीव बिंदूवर मी वरिष्ठ लिपिक झालो. तो झाला 1998 ला. म्हणजे वरच्या खुर्चीत मी सहा वर्षे आधी. त्या टेबलाचं काम त्याला कुणी शिकवलं? मी. बिलं कशी तपासायची, ऑडिटच्या हरकतीला उत्तर कसं द्यायचं, सगळं. आणि 1999 ची ज्येष्ठता यादी लागली, त्यात तो माझ्या वर!

आस्थापना शाखेत गेलो. तिथले साहेब म्हणाले, “तुम्ही आरक्षणातून लवकर वर आलात. आता त्यांनी तुम्हाला गाठलं. नियम आहे.”

नियम होताच. 10 ऑक्टोबर 1995 ला रेल्वेच्या गार्डांच्या खटल्यात, वीरपाल सिंह चौहान प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ही वाट दाखवली. राखीव जागेवरून आधी चढलेला माणूस वरच्या पदावर कितीही वर्षे असू दे, खालच्या पदावर त्याला ज्येष्ठ असलेला खुल्या प्रवर्गातला माणूस मागून आला, की आपली जुनी ज्येष्ठता परत मिळवतो. 30 जानेवारी 1997 ला केंद्राने तसा आदेशच काढला. 1999 च्या अजित सिंह निकालाने त्यावर शिक्कामोर्तब झालं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, “तू आधी गेला व्हतास ना रं? मग मागं कसा?” आई शाळेत गेली नव्हती. पण रेशनच्या रांगेत तिचा जन्म गेला होता. रांग तिला कळत होती.

2000 ला हेडक्लार्कची जागा रिकामी झाली. यादीप्रमाणे त्याला मिळाली. मी शिकवलेल्या माणसासमोर रोज सकाळी हजेरीपटावर सही करायची! वर टोमणे, “सरकारचे जावई जरा रुसलेत.”

आता ही ज्येष्ठता म्हणजे काय ते नीट बघा. तो दोन वर्षे आधी लागला, हे खरं. ते मी नाकारत नाही. पण खालच्या पदावरची त्याची दोन वर्षे मोजायची आणि वरच्या पदावर मी घासलेली सहा वर्षे मोजायची नाहीत, हे कुठलं गणित? आणि मोजायचंच तर 1982 पासून का? जरा मागे जाऊ. माझा आजा मुंबईत गिरणीत होता, कताई खात्यात. विणाईत पगार जास्त. पण तिथे अस्पृश्याला मज्जाव. का, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आमच्या थुंकीने सवर्ण साचेवाले बाटत. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. आजाने गिरणीत कितीही वर्षे घातली असती, तरी विणाईसाठी त्याची ज्येष्ठता शून्यच. कारण दार बंद. सरकारी नोकऱ्यांत अनुसूचित जातींना आठ पूर्णांक एक तृतीयांश टक्के जागा मिळाल्या त्या 1943 ला, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसले तेव्हा. तोवर रांगेत कोण उभं होतं? त्यांचे बाप, त्यांचे आजे. आम्हाला फाटकाबाहेर ठेवून रांग लावली आणि आता सांगतात, “रांग मोडू नका.”

संसदेने 1995 ला 77वी घटनादुरुस्ती करून कलम 16(4क) घातलं, म्हणून बढतीतलं आरक्षण टिकलं. मग 2001 ची 85वी दुरुस्ती आली. बढतीबरोबर ज्येष्ठताही, आणि तीही 17 जून 1995 पासून. ही दुरुस्ती कुणी मेहरबानी म्हणून दिली नाही. देशभरच्या मागासवर्गीय कर्मचाऱ्यांनी मोर्चे काढले, तेव्हा आली. जानेवारी 2002 ला 1997 चा आदेश रद्द झाला. माझ्या हातात कागद पडला 2003 ला. हेडक्लार्क, दिनांक 2000 चा. पण मधल्या तीन वर्षांचा पगार? नाही. आदेशात लिहिलंय, ‘काम नाही, दाम नाही’. अरे, मी काम नाकारलं होतं का? तुम्ही खुर्ची दिली नाहीत!

इथवर टाळ्या वाजवल्यात. आता जे सांगतो त्याला वाजवू नका.

हेडक्लार्क झाल्यावर मी आस्थापनेत आलो. आमच्याकडे एक सफाई कामगार होता. आपलाच, पण आपल्या जातीचा नव्हे. मॅट्रिक झालेला. चतुर्थश्रेणीतून लिपिक होण्यासाठी त्याने अर्ज केला. अर्ज माझ्या टेबलावर. वरचे साहेब म्हणाले, “झाडणारा टेबलावर बसला तर झाडणार कोण?” मी काय म्हणालो? काही नाही. त्याला म्हणालो, “पुढच्या वेळी बघू.” पुढची वेळ आली तेव्हा त्याचं वय उलटलं होतं. तो झाडूनच निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी मला म्हणाला, “साहेब, तुमचा कागद आला ना, बरं झालं.” मित्रांनो, ज्या दाराशी मला अडवलं, त्याच दारावर मी पहारा केला. ब्राह्मणशाही फक्त ब्राह्मणाच्या घरात राहत नाही, ती बढतीच्या ऑर्डरीबरोबर आपल्याही घरी येते.

आणि लढाई संपलेली नाही. 2006 च्या नागराज निकालाने सरकारांना सांगितलं, आधी आकडेवारी आणा. 2018 ला मागासलेपणाच्या पुराव्याची अट गेली. पण प्रतिनिधित्व अपुरं असल्याचे आकडे लागतातच, आणि 2022 च्या निकालाप्रमाणे ते संवर्गवार. आकडे कुणाच्या कपाटात? सरकारच्या. आपल्या महाराष्ट्रात 25 मे 2004 च्या शासननिर्णयाने बढतीत 33 टक्के होते. 4 ऑगस्ट 2017 ला मुंबई उच्च न्यायालयाने तो शासननिर्णय रद्द केला. 7 मे 2021 ला सरकारने फर्मान काढलं, बढतीच्या साऱ्या जागा 25 मे 2004 च्या ज्येष्ठतेने भरा. पुन्हा तीच यादी! आणि दुसरीकडे कंत्राटी भरती. कंत्राटी पोराला ज्येष्ठताच नाही, कारण त्याचं नावच कुठल्या यादीत नाही. आमचं भांडण यादीतल्या नंबरासाठी होतं. तुमचं यादी असावी यासाठी आहे.

तर करायचं काय? जे नोकरीत आहेत त्यांनी तात्पुरती यादी लागली, की त्याच दिवशी नक्कल मागा. नेमणुकीची तारीख, पदाची तारीख, बिंदूचा क्रमांक तपासा. बिंदुनामावलीची वही बघायला मागा. हरकत मुदतीत द्या, लेखी द्या आणि पोच घ्या. शिक्का असलेली पोच. साहेब तोंडी ‘बघतो’ म्हणाला, तर समजा गेलं. गोपनीय अहवाल मागा. प्रत्येक शेरा कळवला पाहिजे, असं देवदत्त खटल्यात 2008 ला ठरलंय.

आणि हरकत फक्त स्वतःची लिहू नका. तुमच्या ऑफिसात कुणी झाडत असेल, त्याला विचारा, “तुझा अर्ज कुठल्या टेबलावर अडलाय?” मी विचारलं नाही. तुम्ही विचारा.

जय भीम!