घाम तिथे, मत इथे



 या परिषदेचा अध्यक्ष म्हणून हाती असलेला वेळ मी एकाच वादाला देणार आहे. आपल्यातलेच काही ज्येष्ठ अभ्यासक म्हणतात, की राज्याराज्यांमधल्या स्थलांतराचा उगाच बाऊ केला जातो. 2011च्या जनगणनेत सुमारे 45 कोटी स्थलांतरित नोंदले गेले. त्यांपैकी राज्याची सीमा ओलांडलेले 12 टक्क्यांच्या आसपास. स्त्रियांच्या बाबतीत तर सर्वांत मोठे कारण लग्न. मग एवढ्याने राजकारण आणि अर्थकारण हलते कसे?

आकडे खरे आहेत. निष्कर्ष मला मान्य नाही. हंगामापुरता गेलेला माणूस जनगणनेत नीट सापडत नाही. 2016-17च्या आर्थिक पाहणीने रेल्वेच्या अनारक्षित प्रवाशांवरून अंदाज बांधला, तेव्हा 2011 ते 2016 या काळात राज्याराज्यांतले स्थलांतर वर्षाला सरासरी 90 लाखांच्या घरात गेले.

तरीही माझा मुख्य आक्षेप संख्येवर नाही. बीडकडचा एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेऊन कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर ऊस तोडायला जातो. उचल फिटेपर्यंत शेजारी जास्त दर मिळत असला तरी त्यांना हलता येत नाही. मतदारयादीत नाव गावाकडे. 2024मध्ये विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला आले, ऐन ऊसतोडीच्या तोंडावर. तिकडच्या आमदाराला या मजुरांच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, पाणी पोचवण्याची निकड नाही, कारण हे त्याचे मतदार नव्हेत. इकडच्या आमदाराला त्या कोप्या दिसतच नाहीत. स्थलांतरित कामगारांसाठी 1979 साली कायदा झाला, त्यात विस्थापन भत्ता होता, घरी जाण्या-येण्याचा प्रवासभत्ता होता. किती जणांच्या हातात तो पडला? ज्याच्या मताची कुणाला गरज नाही, त्याची मजुरी स्वस्तच राहते. स्थलांतराचा राजकीय आणि आर्थिक परिणाम मला इथे दिसतो, आणि तो अजिबात लहान नाही.

आपल्याकडे मात्र ही चर्चा परप्रांतीयांच्या लोंढ्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. विटा-आटपाडीकडचे गलाई कारागीर केरळ-तामिळनाडूपासून देशभर सोने गाळत बसले आहेत. तिथे तेही परप्रांतीयच!

कोरोनाच्या टाळेबंदीत, 8 मे 2020 रोजी, करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे चालत निघालेली ही माणसे. त्या वर्षाने सरकारला एवढे तरी शिकवले, की 2022पर्यंत 'एक देश, एक शिधापत्रिका' सर्व राज्यांत पोचली. रेशन माणसामागे गेले. मत गेले नाही. निवडणूक आयोगाने जानेवारी 2023मध्ये दूरस्थ मतदानयंत्र पक्षांपुढे मांडले. विरोधी पक्षांनी शंका काढल्या आणि विषय बारगळला. परराज्यात आचारसंहिता कोण राबवणार, ही शंका रास्तच होती. पण तिच्यावर तोडगा शोधणे हे आपल्यासारख्यांचे काम होते, आणि आपण गप्प राहिलो.

आता फेब्रुवारी 2027मध्ये जनगणनेची माणसे दारोदार फिरतील, तेव्हा गाळप हंगाम चालू असेल आणि गावोगावची घरे कुलूपबंद असतील. माझी विनंती आहे, की त्याच महिन्यात बीड, बेळगाव आणि कोल्हापूरच्या महाविद्यालयांतल्या आपल्या सदस्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन कारखान्यांभोवतीच्या कोप्यांवर जावे. प्रत्येक कोयत्याला तीनच प्रश्न विचारावेत: गाव कोणते, उचल किती, आणि मागचे मत कधी दिले?