इंग्रजीचा तास आणि श्रद्धेचा हिशेब
(मासिक बैठकीतील भाषण)



हा विषय सुचवला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, "तू प्रयोगशाळेतला माणूस, तुला मिशनऱ्यांशी काय करायचंय?" माझ्या लॅबमधला एक चिनी सहकारी इंग्रजी शिकला तो चीनमध्ये, एका अमेरिकन ख्रिस्ती जोडप्याकडून. त्याच्याशी बोलताना कुतूहल वाढलं, मग वाचत गेलो.

१९८०च्या दशकात चीनने दारं उघडली. विद्यापीठांना इंग्रजी शिक्षक हवे होते. मिशनरी म्हणून व्हिसा मिळणं शक्य नव्हतं, शिक्षक म्हणून मिळत होता. त्यामुळे अनेक ख्रिस्ती संस्थांनी शिक्षक पाठवले. १९९४ साली चीनने नियम केले: परदेशी माणसाने स्वतःची उपासना खुशाल करावी, पण चिनी नागरिकांत अनुयायी जमवू नयेत. म्हणजे वर्गात व्याकरण आणि घरी चहाबरोबर, कोणी विचारलंच तर, येशू.

आता श्रद्धेचा भाग. आपले मराठी ख्रिस्ती लोक त्याला 'विश्वास' म्हणतात, आणि इथे तो अर्थव्यवहाराचाही शब्द आहे. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने हजारो अनाथ मुलं सांभाळली. पैसे कोणाकडेही मागायचे नाहीत, फक्त प्रार्थना करायची, असा त्याचा नेम होता. हडसन टेलरने १८६५ मध्ये 'चायना इनलँड मिशन' काढलं तेही याच तत्त्वावर: ठरलेला पगार नाही, वर्गणीचं आवाहन नाही. केडगावच्या पंडिता रमाबाईंवरही या दोघांचा प्रभाव होता. मला मात्र यातली एक गोष्ट लक्षणीय वाटते. म्यूलर दरवर्षी अहवाल छापत असे, आणि कोणती गरज कशी भागली ते त्यात तपशीलवार असे. टेलरच्या मिशनचं मासिक होतं. मागायचं नाही, पण कळवायचं जरूर! हे ढोंग होतं असं मी म्हणत नाही. त्या माणसांनी खरोखर उपास काढले आहेत. पण विश्वासालाही टपालखातं लागतं.

आजचे बरेचसे शिक्षक तर उघडच मदत मागतात. आपापल्या चर्चमधून, नातेवाइकांकडून दरमहाची वचनं गोळा करून ते जातात. मग दर काही आठवड्यांनी घरी पत्र. त्या पत्रात "मुलांना आता भूतकाळ जमायला लागला" एवढंच लिहून कसं चालेल? देणाऱ्याने व्याकरणासाठी पैसे दिलेले नसतात. आपल्यापैकी जे ग्रँटवर जगतात त्यांना हा दाब समजेल. निकाल यायच्या आधीच निकालाची भाषा लिहायची सवय लागते. फरक इतकाच, की आमच्या पेट्री डिशला आपण कोणाच्या अहवालात आहोत याचं सुखदुःख नसतं.

ब्रिटिश भाषाशिक्षणतज्ज्ञ ज्युलियन एज यांनी २००३ मध्ये यावर लेख लिहिला. उद्दिष्ट धर्मांतराचं असेल तर ते उघड असू द्या, अशी त्यांची मागणी होती. ख्रिस्ती शिक्षकांनी उत्तरं दिली. तुम्ही पुरोगामी शिक्षकही वर्गात स्वतःची मूल्यं नेताच की, असा त्यांचा एक मुद्दा होता. तो मला बिनतोड वाटतो. मूल्यं नेण्याला माझी हरकत नाही, दोन पत्त्यांवर दोन वेगळी पत्रं पाठवण्याला आहे.

महाराष्ट्रात हे कसं होतं बघा. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या, पुढे अहमदनगरला मुलींना शिकवत राहिल्या. त्या कशासाठी आल्या आहेत हे सगळ्या गावाला माहीत होतं. जोतीराव त्यांची शाळा बघून आले, सावित्रीबाईंनी तिथे अध्यापनाचे धडे घेतले. दोघांनी हवं ते घेतलं, नको ते तिथेच ठेवलं. १८३९ मध्ये मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी धर्मांतर केलं तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि पारशी पालकांनी मुलं काढून घेतली. पाटीवर 'मिशन' लिहिलेलं होतं, म्हणून घेणं आणि नाकारणं, दोन्ही जमलं.

माझा सहकारी ख्रिस्ती झाला नाही. त्या जोडप्याबद्दल तो आजही मायेने बोलतो. "तुला काय वाटतं?" असं विचारणारे ते त्याचे पहिले शिक्षक. मात्र आपलं नाव, गाव आणि आईचं आजारपण ओहायोतल्या एका चर्चच्या प्रार्थनापत्रकात छापलं गेलं होतं, हे त्याला इथे आल्यावर कळलं. राग आला का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "नाही. पण मी सांगितलं होतं ते बाईंना."

आपला गटही गावाकडच्या इंग्रजी वर्गांना पैसे देतो. मागच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये आपण मुलांचे फोटो आणि 'हृदयस्पर्शी अनुभव' मागवले होते. तो रकाना काढावा असा माझा प्रस्ताव आहे. कोषाध्यक्षांचा विरोध आहे, त्यांची बाजू आता ऐकू या.