शिंगाचा पेला आणि विषाची भीती



खग्गविसाण सुत्तातले गेंड्याचे एकाकी शिंग आपल्या परिचयाचे आहे. आज आम्ही त्याच शिंगापासून चीनमध्ये घडविलेल्या पेल्यांविषयी बोलणार आहोत.

म्हशीच्या शिंगात आत हाड असते, गेंड्याच्या शिंगात ते नसते. आपली नखे ज्या द्रव्याची, त्याच केराटिनचे ते भरीव शिंग. चिनी कारागीर ते उलटे धरीत, म्हणजे बुडाचा रुंद भाग पेल्याचे तोंड होई. बाहेरून कमळे, पाइन वृक्ष, डोंगर, ड्रॅगन कोरीत. मिंग व छिंग राजवटींत या कलेला बहर आला. कोरताना निघालेला भुसासुद्धा वाया जात नसे, तो औषधात जाई.

एवढी हौस कशासाठी? या पेल्यात विष ओतले तर ते कळून येते, अशी समजूत होती. (राजेलोकांना विषाची धास्ती घरातूनच अधिक!) ही समजूत चीनपुरती नव्हती. प्रागचा सम्राट दुसरा रुडॉल्फ यानेही गेंड्याच्या शिंगाचे पेले जमविले. आपल्याकडे बाबराने एका मोठ्या शिंगाचा नावेच्या आकाराचा पेला करवून घेतल्याचे स्वतःच लिहून ठेवले आहे. जपानात नारा येथील तोदाइजी विहाराच्या शोसोइन भांडारात तर आठव्या शतकापासूनचा ठेवा आहे. त्यातही असे पेले आहेत. विसाव्या शतकात चेस्टर बीटी या खाणमालकाने मोठा संग्रह केला, तो आज डब्लिनला आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतली शिंगे झांजिबारहून मुंबई बंदरात उतरत आणि पुढे चीनला जात. पनवेलहून ते बंदर किती दूर? नखासारख्याच द्रव्याला विष कसे ओळखता येईल, हा प्रश्न मधल्या कुणा व्यापाऱ्याने विचारला नाही. विचारून त्याचा धंदा बुडाला असता, हेही खरे. समजुतीची किंमत मात्र गेंड्याने चुकविली.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गेंड्याला पूर्ण संरक्षण मिळाले. १९७७ पासून साइट्स कराराने सर्व जातींच्या गेंड्यांच्या शिंगांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद केला. तरीही चोरटी शिकार चालूच राहिली. २२ सप्टेंबर २०२१ रोजी आसाममध्ये बोकाखात येथे सरकारी कोठारातील २,४७९ शिंगे जाहीरपणे जाळण्यात आली. एवढा ठेवा जाळावा काय, असे काहींना वाटेल. आम्हांस ते योग्यच वाटते. कोठारात शिंग आहे तोवर त्याला भाव आहे. ९४ शिंगे वारसा म्हणून आणि काही न्यायालयीन खटल्यांसाठी राखून ठेवली गेली.