चष्म्याविना त्रिमिती चित्र



हात लांब करून अंगठा धरा. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा सरकलेला दिसेल. दोन डोळ्यांना दोन निराळी चित्रे दिसतात. मेंदू ती जुळवतो आणि आपल्याला खोली कळते.

१९८४ च्या ‘माय डिअर कुट्टीचातन’ या त्रिमिती चित्रपटात ही दोन चित्रे चष्म्याने वेगळी केली जात. चष्मा नको असेल, तर ते काम पडद्यानेच करावे लागते. खिडकीच्या गजांतून शेजारी उभ्या दोघांना अंगणाचे निराळे भाग दिसतात. तशीच बारीक उभ्या फटींची जाळी पडद्यात बसवली, की प्रत्येक डोळ्याला आपापले चित्र मिळते. २०११ च्या ‘निन्टेन्डो थ्रीडीएस’ या खेळण्यात हीच युक्ती होती. कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या टेबलावर त्यात काल्पनिक प्राणी उभा राही. मान हलली, की मात्र चित्र बिघडे. एकाच वेळी अनेकांना कोठूनही स्वच्छ चित्र दाखवणे आजही कठीण आहे.

सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी दोन डोळ्यांची दृष्टी एका साध्या फळीवर प्रयोग करून तपासली. तशी फळी आपल्या जुन्या शहरातही घरोघरी मिळेल. पालकहो, मुलगा असो वा मुलगी, मोबाईलमधले चित्र पाहून “हे कसे होते?” असे विचारले, तर त्यांना गप्प करू नका. उरलेले काम त्यांनाच करायचे आहे.