नंबर तुमचा, दवाखाना कुणाचा?



इंटर्नशिपचं वर्ष संपतं, महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा कायमचा नोंदणी क्रमांक हातात पडतो, घरी पेढे येतात आणि संध्याकाळपर्यंत त्या प्रमाणपत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर झळकतो. मुलांनी साडेपाच वर्षं घासलेली असतात, त्यांचा आनंद कुणालाही समजेल. पण नाव, पदवी आणि नंबर असा आयता ऐवज त्या एका फोटोत असतो. बोगस डॉक्टरला आणखी काय हवं?

नंबर लपवून ठेवा, असं मात्र मी सांगणार नाही. डॉक्टरनं आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा, प्रिस्क्रिप्शन, सर्टिफिकेट आणि पावतीवर छापावा, असं २००२च्या वैद्यकीय आचारनियमांतच म्हटलेलं आहे. समोरचा माणूस खरा डॉक्टर आहे का, हे पेशंटला पडताळता यावं म्हणून तो नियम आहे, आणि तो योग्यच आहे. म्हणजे नंबर सगळ्या गावाला माहीत असणारच. जपायच्या आहेत त्या दुसऱ्याच गोष्टी : सही, शिक्का आणि मूळ कागद.

या गोष्टी बहुतेक वेळा कुणी चोरत नाही. आपणच त्या देऊन बसतो.

नवा डॉक्टर एखाद्या लहान हॉस्पिटलात आरएमओ, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी, म्हणून लागतो. पहिल्याच दिवशी ऑफिसातून निरोप येतो, ‘डॉक्टर, पदवी आणि रजिस्ट्रेशनचे ओरिजिनल जमा करा, फाइलला लागतात.’ आठवड्याभरानं सिस्टर लेटरहेडचा गठ्ठा पुढे करतात. ‘सर, दहा-वीस पानांवर सह्या करून ठेवा ना, रात्री तुम्हाला उठवायला नको.’ डोळ्यांवर झोप असते, समोरची माणसं भली असतात. सह्या होतात. पुढे हा मुलगा पीजीच्या अभ्यासासाठी नोकरी सोडतो, पण बोर्डावरचं त्याचं नाव तसंच राहतं. त्या कोऱ्या पानांवर कधी रजेचं सर्टिफिकेट निघतं, कधी विम्याच्या दाव्याचा कागद, कधी झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी. चौकशी आली की पोलीस सहीवाल्याला शोधतात. तो तेव्हा लायब्ररीत बसलेला असतो!

म्हणून मूळ कागद दाखवावेत आणि लगेच परत घ्यावेत. झेरॉक्स द्यायचीच, तर अक्षरांवरून आडवं लिहावं : कुणासाठी, कशासाठी, कोणत्या तारखेला. ते लिहिताना समोरच्याच्या कपाळाला आठी पडली, तर ती नोकरी करायची का, याचा विचार करावा. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही, खुद्द मोठ्या सरांनी सांगितलं तरी नाही. आणि नोकरी सोडताना ‘आजपासून माझं नाव आणि नंबर वापरू नये’ असं पत्र देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी.

आणखी एक प्रस्ताव येतो, तो जास्त गोड असतो. ‘तुम्ही यायचीही गरज नाही डॉक्टर, फक्त पदवी भिंतीवर लावू द्या, महिन्याला पाकीट पोचेल.’ याला ओळखीची चोरी म्हणता येणार नाही. तुम्ही त्या धंद्यातले भागीदार झालात. नोंदणी नसताना डॉक्टरकी करणाऱ्याला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९च्या कायद्यानं एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. तो तुरुंगात जाईल किंवा दुकान हलवेल. पदवी भाड्यानं देणाऱ्याला मात्र परिषदेपुढे उत्तर द्यावं लागतं, आणि त्याची तर नोंदणीच पणाला लागलेली असते.

पैशांच्या बाजूचं थोडक्यात सांगतो. डॉक्टरला कर्ज चटकन मिळतं, त्यामुळे त्याच्या पॅन आणि आधारला ठगांच्या लेखी भाव आहे. आधारची प्रत द्यायची तर शेवटचे चारच आकडे दिसणारी द्या. देशातल्या चार क्रेडिट माहिती कंपन्यांपैकी प्रत्येकीकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो, त्यात आपण न घेतलेलं कर्ज लगेच दिसतं. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत, ते सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर कळतं. आणि लष्करातला अधिकारी असल्याचं सांगून, जवानांच्या तपासणीची फी आधी पाठवतो म्हणत क्यूआर कोड स्कॅन करायला लावणारा फोन आला, तर तो ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.

इतकं करूनही आपल्या नावाची पाटी भलत्याच गल्लीत दिसली, तर ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणून गप्प बसू नका. उशीर झाला की संशय तुमच्यावरच येतो. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं, हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पैसे गेले असतील, तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा. नावाचा गैरवापर असेल, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात आणि वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार द्या आणि दोन्हीकडची पोचपावती जपून ठेवा.